डोमाजीभाऊंचा कान

आमचे शेजारी डोमाजीभाऊ कुणाच्या घरी गेले की माणसांआधी यंत्रांची विचारपूस करतात. पिशवीतून हातभर लोखंडी सळई काढायची, एक टोक फ्रीजला, दुसरं कानाला, डोळे मिटलेले. "चहा घेता का?" म्हटलं की बोट वर. "थांबा! तो बोलून राह्यला!"

एका लग्नात त्यांनी जनरेटरला सळई लावली आणि भर मांडवात ओरडले, "उरका लवकर, भटजी!" तिसऱ्या मंगलाष्टकाला माइक मुका.

वीस वर्षं ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे त्यांनी फिटरकी केली. मग जुने संच बंद झाले, ठेकेदार निघून गेला आणि बावन्नाव्या वर्षी भाऊ घरी बसले. घर चाललं ते त्यांच्या बायकोच्या, कुंदाबाईंच्या शिलाई मशीनवर. भाऊ जातील तिथं एकच प्रश्न : सर्टिफिकेट?

शेवटी गडचिरोलीकडे लोखंडाचा नवा कारखाना निघाला. मुलाखतीला जाताना त्यांनी मलाही एसटीत कोंबलं. "मास्तर, तुमी फक्त शिकल्यावानी तोंड करून बसा."

तिथला तरुण इंजिनियर हसला. "काका, आम्हाला सगळं स्क्रीनवर दिसतं. सर्टिफिकेट आहे?"

"सर्टिफिकेट नाई, साहेब. सळई हाये."

आणि बाजूच्या चालत्या पंपाला त्यांनी ती टेकवलीसुद्धा. "मागची बेरिंग रडून राह्यली."

स्क्रीनवर सगळं हिरवंगार. वाद मिटवायला साहेबांनी पंप थांबवून उघडायला लावला. बेरिंगचा एक छर्रा तडकलेला! भाऊंना नोकरी तिथल्या तिथे, आणि छाती फुगली माझी. येताना एसटीत कंडक्टरलाही मी ही गोष्ट दोनदा ऐकवली.

आता भाऊ तिकडेच खोली घेऊन राहतात. रोज संध्याकाळी मला फोन येतो. "मास्तर, फोन खिडकीशी धरा." खिडकीपलीकडे कुंदाबाईंचं मशीन चालू असतं.

"अहो, त्यांनाच फोन करा की!"

"केला. मजेत हावो म्हणते. मशीन खोटं नाई बोलत."

परवा बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "एकाच पायानं पायडल मारून राह्यली ते. गुडघा सुजला काय, पाहा बरं."

मी फोन हातात घेऊन तसाच गेलो. कुंदाबाईंनी झटकन लुगडं सुजल्या गुडघ्यावर ओढलं.

"त्याइले सांगू नका, मास्तर. एवढी चांगली नोकरी सोडून येतीन."

फोन चालूच होता. पलीकडून कारखान्याची घरघर स्पष्ट ऐकू येत होती.