गोधडीतला हॅलो

"झाली एकदाची!" असं म्हणून बायकोने दाताने दोरा तोडला, आणि नेमकं तेव्हाच घड्याळजींनी तिसऱ्यांदा विचारलं, "माझा फोन पाहिलास का कुठे?"

बायकोने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दोन महिने खपून तिने ती गोधडी पुरी केली होती. वाचनालयाच्या सभागृहात उद्या 'पानगळीच्या गोधड्या' असं प्रदर्शन होतं आणि त्यात बक्षिसंही होती. त्यासाठी तिने घरातल्या, दारातल्या आणि शेजारच्या शिंपीणबाईच्या चिंध्या गोळा केल्या होत्या. मोहरीच्या रंगाचे सदरे, विटकरी फ्रॉक, तपकिरी परकर, असं सगळं कापून तिने त्यांची लहान लहान पानं केली. मधोमध एक मोठं पान होतं, बंद पडलेल्या नाट्यगृहाच्या पडद्याच्या मखमलीचं. ते फुगीर दिसावं म्हणून खाली जुन्या ब्लँकेटचे तुकडे भरले होते आणि भोवती बारीक टाक्यांच्या तीन ओळी घातल्या होत्या.

घड्याळजींना त्यातलं फारसं काही दिसत नव्हतं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात मिनिटकाट्याच्या जागी तासकाटा बसवल्यावर त्यांनी स्वतःहून दुकानाला कुलूप लावलं, त्याला चार महिने झाले. डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला होता. दवाखान्याचा नियम असा, की ऑपरेशनची तारीख फोनवर कळवणार. तीनदा फोन करणार. उचलला नाही, तर नंबर यादीच्या तळाशी. आणि फोन याच आठवड्यात येणार होता.

"बाबा, थांबा, मी रिंग देते," सूनबाई म्हणाली.

घरात कुठेतरी घुर्र घुर्र झालं. घड्याळजींनी कपाट उघडलं, सूनबाईने उशा उचलल्या. आवाज जमिनीवरून येत होता. तिघंही वाकली आणि मखमली पानाकडे बघत राहिली. पान थरथरत होतं.

"अहो," बायको जपून म्हणाली, "सकाळी मी 'हे टोक धरा' म्हटलं तेव्हा तुमच्या हातात काय होतं?"

"फोन."

"आणि टोक धरल्यावर?"

"टोक."

"म्हणजे फोन ठेवलात ब्लँकेटच्या तुकड्यांवर! मी म्हणतेय, पान एवढं छान फुगलं कसं!"

"कात्री आण," घड्याळजी म्हणाले.

"हात लावून बघा! मखमल आहे ती. एकदा सुई गेली की भोक राहतं. उसवून परत शिवली तर चाळणी होईल तिची."

"अगं, माझा नंबर गेला तर पुन्हा चार महिने!"

"आणि माझे दोन महिने गेले ते? उद्या संध्याकाळी निकाल लागला की उसवते. आजवर धीर धरलात, एक दिवसाने काय आभाळ कोसळतंय?"

सूनबाईने मधला मार्ग काढायचा म्हणून दवाखान्याला फोन लावला. दुसरा नंबर लिहून घ्या, एवढंच सांगायचं होतं. "आपण रांगेत एकेचाळिसावे आहात," असं एक गोड आवाज म्हणाला. अर्ध्या तासाने तोच आवाज तितक्याच गोडव्याने म्हणाला, "आपण रांगेत त्रेचाळिसावे आहात." सूनबाईने फोन ठेवून दिला.

शेवटी वाट सापडली ती घड्याळजींच्या बोटांना. त्यांचा फोन जुना, ठसठशीत बटणांचा होता. त्यांनी सूनबाईला पुन्हा रिंग द्यायला सांगितलं, मखमलीवरून हात फिरवला आणि बरोबर हिरव्या बटणावर बोट टेकवलं. डोळ्यांना झाला तरी बोटांना मोतीबिंदू झाला नव्हता.

"हॅलो," सूनबाई तिच्या फोनवर म्हणाली.

"हॅलो," गोधडीतून आलं.

"झालं तर मग!" बायको उठली. "बोलतोय ना? मग बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता घड्याळजी वाचनालयाच्या सभागृहात भिंतीवर टांगलेल्या गोधडीखाली खुर्ची टाकून बसले. जाताना बायकोने बजावलं होतं, "तिथे मला ओळख दाखवायची नाही. नियमावलीत लिहिलंय, कापड आणि दोरा याशिवाय गोधडीत काही सापडलं तर बाद. तुम्ही कोण, मी कोण!"

गोधडीवर पाटी होती : 'हात लावू नये.' पाटी पाळली जातेय की नाही हे बघायला एक रखवालदार होता आणि तो आपल्या कामाला फार जपणारा होता.

अकरा वाजता पान थरथरलं. घड्याळजींनी इकडेतिकडे बघून पटकन बटण दाबलं आणि मखमलीला कान लावला. दवाखाना नव्हता. बसचा कंडक्टर होता, चार महिने घड्याळ अडकलेला.

"अहो घड्याळजी, लोकांचं मनगट बघून गाड्या सोडतोय मी! कधी देताय?"

"डोळा झाला की देतो."

"काय झाला की?"

"आजोबा!" रखवालदार मागे उभा होता. "हात लावू नका."

"कापडाचा पोत बघतोय."

"कानाने?"

घड्याळजींनी चाचपडत लाल बटण दाबलं आणि खुर्चीवर बसले. चार पावलांवर बायको दुसऱ्या एका गोधडीची शिवण निरखत होती, जन्मात हा माणूस पाहिला नाही असा चेहरा करून.

दुपारी पुन्हा थरथर. या वेळी त्यांची थोरली बहीण.

"अरे, तुझा आवाज असा का येतोय? उशीत तोंड घालून बोलतोयस का?"

"ताई, नंतर बोलू गं. ही लाइन मोकळी ठेवायचीय."

"आहेस कुठे तू?"

"वाचनालयाच्या हॉलमध्ये. गोधड्यांच्या..."

"मला कुणी कळवलंसुद्धा नाही! थांब, येतेच मी."

पुढचं काही बोलायच्या आत रखवालदाराने त्यांना दंडाला धरून बाहेर नेऊन सोडलं. घड्याळजी इमारतीला वळसा घालून मागच्या दाराने परत आले. बायकोला ताईंबद्दल सांगायला गेले, तर ती दातओठ खात पुटपुटली, "लांब व्हा! परीक्षकबाई येतायत."

परीक्षकबाई आल्या. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी टाके मोजायला सुरुवात केली. "सुरेख. टाका अगदी एकसारखा. आणि हे मधलं पान तर..." एवढ्यात पान घुरघुरलं.

"कुणाचातरी फोन वाजतोय," म्हणत बाईंनी स्वतःची पर्स उघडली. बायकोला खोकल्याची मोठी उबळ आली. घड्याळजी मात्र आता कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हते. त्यांनी झेप घेऊन गोधडीला मिठी मारली आणि पानावर गाल टेकवला.

"हो, मीच! ... हो हो, किती वाट बघितली! ... गुरुवारी? येतो, नक्की येतो. ... रिकाम्या पोटी, समजलं. ... नाही हो, रडत नाहीये. पाणी गळतंच डोळ्यातून. ... बरं, ठेवतो."

रखवालदार धावत येत होता, तो वाटेतच थबकला.

"हे काय चाललंय?" परीक्षकबाई हळूच म्हणाल्या.

बायकोसमोर दोनच रस्ते होते. खरं सांगायचं, तर गोधडी बाद. तिने एक क्षण डोळे मिटले.

"काय सांगू बाई! यांच्या थोरल्या बहिणीच्या कपड्यांची आहे ही गोधडी. त्या गेल्या, तेव्हापासून यांचं हे असं. बोलत बसतात तिच्याशी."

"अरेरे! गुरुवारी येतो म्हणत होते..."

"भेटायला यायचं म्हणतात."

"आणि रिकाम्या पोटी?"

"अन्नावरची वासनाच उडालीय हो त्यांची."

परीक्षकबाईंनी चष्मा काढून पुसला. रखवालदाराने खुर्ची आणून घड्याळजींना बसवलं आणि पाण्याचा पेलाही दिला. घड्याळजी पाणी पिता पिता घाबरून दाराकडे बघत होते. "अगं, ऐक तरी," ते बायकोला म्हणाले, "ताई..."

"त्यांना आवरत नाहीये," बायको परीक्षकबाईंना म्हणाली आणि तिने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून तो चांगलाच दाबला.

संध्याकाळी निकाल जाहीर झाला. पहिलं बक्षीस कुणाला, ते सांगताना परीक्षकबाईंना दोनदा चष्मा पुसावा लागला. "या गोधडीत नुसते टाके नाहीत, एका स्वर्गवासी बहिणीचे कपडे आहेत, तिची माया आहे," असं त्यांनी म्हटलं आणि सभागृहभर नाकं ओढली गेली. सगळ्यांत मोठ्याने रडत होती ती तिसऱ्या रांगेतली, आत्ताच धापा टाकत आलेली एक म्हातारी. तिने शेजारी उभ्या रखवालदाराला विचारलं, "कुणाची हो बहीण?"

"त्या तिथल्या आजोबांची."

म्हातारीने तिकडे पाहिलं. त्या आजोबांना बहीण एकच होती. ताईंनी डोळे पुसले, रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला आणि ताठ चालत भावासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कशाने गेले रे मी?"

घड्याळजींनी बायकोकडे बोट दाखवलं. बायकोचा चेहरा बक्षिसाच्या शिवणपेटीपेक्षाही पांढरा झाला.

"वन्सं, हळू बोला, मी सगळं सांगते..."

"सांग ना! आणि ही नाटकाच्या पडद्याची मखमल मी कधी अंगावर घातली होती गं?"

तेवढ्यात परीक्षकबाई तिथे पोचल्या. "या कोण?"

"या... आमच्या लांबच्या," बायको म्हणाली.

"फारच लांबून आलेय," ताई म्हणाल्या. "आणि जाताना ही गोधडी घेऊन जाणार आहे."

"वन्... अहो, पण ती..."

"तिकडे थंडी फार असते."

"द्या हो द्या," परीक्षकबाई गहिवरून म्हणाल्या, "मायेच्या माणसाकडेच राहील!" आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी गोधडी काढून, घडी करून ताईंच्या हातात दिली. फोनचं नाव काढायची सोय नव्हती. बक्षीस अजून बायकोच्या काखेत होतं आणि परीक्षकबाई शेजारीच उभ्या होत्या.

दोघं बाहेर पडली तेव्हा समोरच्या बसथांब्यावर ताई रांगेत उभ्या होत्या, गोधडी पोटाशी धरून. बायको चरफडत होती. "दोन महिने! बोटांची चाळण झाली माझ्या. आणि नेली कुणी, तर..."

रस्त्यापलीकडून घुर्र घुर्र आवाज आला. रांगेतल्या सगळ्यांनी आपापले खिसे चाचपले. ताईंनी पर्स उघडून पाहिली, मिटली. मग मान वाकडी करून त्या हातातल्या गोधडीकडे टक लावून बघू लागल्या.

"कंडक्टर असेल," घड्याळजी कळवळून म्हणाले. "ओरडून सांगू का तिला? हिरवं बटण देठापासून जरासं डावीकडे..."

"गप्प चला," बायको म्हणाली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच भर रस्त्यात त्यांचा हात घट्ट धरून तिने भराभर कोपरा गाठला.