सातवी 'ब'नं बसवलेलं राणीच्या काळातलं नाटक

इंग्रजी कविता पोरांना पाठ होते, स्पेलिंगंही होतात, पण इंग्रजी विनोद काही सातवीच्या गळी उतरत नाही, असं आमच्या शिक्षकखोलीतलं ठाम मत होतं. मी म्हणालो, मी उतरवून दाखवतो! आणि एखादा फुटकळ विनोद नाही, चारशे वर्षांपूर्वीचं नाटक उतरवतो. इंग्लंडात पहिली एलिझाबेथ राणी गादीवर असताना लोक जे पाहून पोट धरून हसले, त्यावर आमच्या दिग्रसचे लोक का हसणार नाहीत?

मुख्याध्यापक वामनराव मात्र त्या वर्षी स्नेहसंमेलनच रद्द करायला निघाले होते. कापूस बुडाल्यानं सगळ्या तालुक्याची मान खाली गेलेली. गावात जिनिंगला कापूस नेणाऱ्या गाड्यांपेक्षा पाहणी पथकांच्या गाड्या जास्त दिसायच्या. लोकांच्या तोंडावर हसू नाही आणि तुम्ही कसलं नाटक करता, असं ते म्हणाले. मी म्हणालो, म्हणूनच करतो. डोकं फिरलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शेवटी म्हणाले, "करा, धर्मपाल सर. पण काही भानगड झाली तर मी तिथं नव्हतोच, असं समजा."

नाटक सोपं होतं. एक श्रीमंत व्यापारी आपल्या मुलीचं लग्न एका म्हाताऱ्याशी ठरवतो. मुलगी पुरुषाचा वेश करून पळते आणि सरळ बापाच्याच पेढीवर नोकरी मागते. माझा बाप जहाजासकट बुडाला, मी पोरका झालो, असं काहीबाही रडून सांगते. बाप तिला ओळखत नाही आणि कामावर ठेवून घेतो.

त्या काळी बायकांना रंगमंचावर येऊ देत नसत, हेही मी वर्गाला समजावून सांगितलं. म्हणजे मुलगा मुलगी व्हायचा आणि ती मुलगी नाटकात पुन्हा मुलगा व्हायची. मग अब्रारनं हात वर केला.

"सर, मंग सरळ पोरगाच काहून नाही घेत?"

मी तो प्रश्न गृहपाठाला दिला.

आम्ही पाचांपैकी पहिले दोन अंक बसवायचं ठरवलं, उरलेले मी वर्गात शिकवणार होतो. व्यापारी राजदीप, मुलगी माहनूर. जहाज कोणीच पाहिलं नव्हतं, तेव्हा जहाजाचा ट्रक झाला. समुद्राच्या जागी आमची अरुणावती नदी आली. भाषाही पोरांनी आपली घेतली. माहनूरचा आवाज खणखणीत होता, फक्त भावाची टोपी डोक्यावर चढली की पोरं चिडवायची आणि ती फिसकन हसायची. मी तिला दम भरला. टोपी घातली की तू माहनूर नाहीस. कोणी येवो, काहीही विचारो, पात्र सोडायचं नाही!

पोरीनं माझं ऐकलं. सगळं बिघडलं ते तिथूनच.

एके दुपारी शाळेमागच्या निंबाखाली तालीम होती. मी पडद्याच्या खोलीची किल्ली आणायला कार्यालयात गेलो, बाकीची पोरं नळावर पाणी प्यायला पांगली. तेवढ्यात एक जीप आली. मोठ्या शहरातली मंडळी होती, शेतीची हलाखी अभ्यासायला आलेली. त्यांना झाडाखाली ढगळ शर्टातला एक पोरगा दिसला, कानावर टोपी, डोळ्यांत पाणी, एकटाच पुटपुटणारा. त्यांच्यातल्या बाईंनी जवळ जाऊन विचारलं, काय झालं बाळा?

माहनूरला वाटलं, तिची परीक्षा घ्यायला ही माणसं मीच पाठवली. तिनं हुंदका दिला आणि सुरू झाली. कापसानं भरलेला ट्रक अरुणावतीत गेला, त्याच्यात माहा बाप गेला, आता मले कोणी नाही, मले कामाले ठेवा. बाई ओक्साबोक्शी रडल्या. जाताना त्यांनी अब्रारला विचारलं, हे लेकरू कोणाचं? अब्रारनं खरं ते सांगितलं, रहमत मेकॅनिकचं.

मी किल्ली घेऊन आलो तर माहनूर फुलून गेलेली. सर, त्या बाई रडल्या, म्हणाली. माझी छाती दोन इंच फुगली. मी तिची पाठ थोपटली, वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या थांबल्यावर अब्रार म्हणाला की ते लोक रहमतचाचाच्या घरी गेले. मी सायकल काढली.

पोचलो तेव्हा उशीर झाला होता. बाईंनी माहनूरची आई सईदाभाभी यांचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, तुमच्या लेकरानं आम्हाला सगळं सांगितलं, ट्रकचं ऐकून फार वाईट वाटलं. आणि नेमका त्याच सकाळी रहमतभाई एका गिऱ्हाइकाच्या ट्रकवर बसून पार्ट आणायला पुसदला गेला होता! भाभी दारातच बसल्या. गल्ली गोळा झाली. अरुणावतीत तर गुडघाभर पाणी आहे, असं कोणीतरी म्हणालं, पण त्याला लोकांनी गप्प केलं.

मी गर्दीतून वाट काढत ओरडून सांगत होतो की हे नाटक आहे. लोकांना वाटलं, सरांनाही धक्का बसला.

तेवढ्यात रहमतभाई खांद्यावर पिशवी घेऊन बसस्टँडकडून आला. घरापुढे गर्दी पाहून तो घाबरला आणि त्यानं कडेला उभ्या शेजारच्या भीमसिंगला हळूच विचारलं, कोण गेलं? भीमसिंगनं मागं न बघता सांगितलं, "रहमत. लय चांगला मानूस व्हता." रहमतभाई म्हणे क्षणभर मान खाली घालून उभा राहिला.

मग भाभींना तो दिसला. त्या उठल्या, गर्दीतून सरळ गेल्या आणि त्यांनी त्याच्या छातीवर बुक्की मारली. पुन्हा एक मारली. मग त्याची बाही धरली ती सोडेचनात. शहरातल्या बाई ओट्यावर बसल्या आणि त्यांनी पाणी मागितलं.

रहमतभाई माझ्यासमोर आला, बाहीला भाभी. "सर, मले एवढंच सांगा, मी नेमका मेलो कवा?"

मी अख्खं नाटक सांगितलं. मरण त्यानं मला लगेच माफ केलं. पण गोष्ट ऐकून त्याचा चेहरा उतरला. "माही पोरगी टोपी घालून आली तर मी तिले ओळखनार नाही? असा बाप असते का कुठं?" मी म्हणालो, विनोदी नाटकात असतो. मग असल्या नाटकात माहनूर काम करणार नाही, म्हणाला.

वामनरावांनी तर नाटकच बंद म्हणून सांगितलं. मी हटलो नाही. रोज शाळा सुटली की रहमतभाईच्या गॅरेजात जाऊन टायरवर बसायचो. तो फवारणीचे पंप खोलायचा, मी त्याला राणीच्या काळातली रंगभूमी समजावून सांगायचो. तो फक्त पाना मागायचा. शेवटी निकाल लागला तो भाभींच्या एका वाक्यानं. चहा ठेवून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्या पायी मी गल्लीभर रडली. आता त्याच गोष्टीवर मले हसाचं हाये. पोरगी नाटक करन." वामनरावांकडेही त्याच जाऊन आल्या. तिथं काय बोलल्या ते कळलं नाही, पण परवानगी मिळाली.

मेलेल्या मेकॅनिकची गोष्ट सगळीकडे पसरली होती. स्नेहसंमेलनाच्या दिवशी पटांगणात उभं राहायला जागा नव्हती. दुसऱ्या अंकात टोपीतली माहनूर नोकरी मागायला आली. राजदीपनं कापसाच्या मिशांवरून हात फिरवून विचारलं, कोण रे तू? तिनं ट्रक बुडवला, बाप बुडवला. राजदीप डोळे पुसत म्हणाला की ठेवलं तुला कामावर.

पहिल्या रांगेत रहमतभाई मघापासून चुळबुळत होता. आता उठलाच.

"अरे, तुहीच पोरगी हाये ते!"

पटांगण हशानं फुटलं. पण पात्र सोडायचं नाही, हे राजदीपलाही पक्कं ठाऊक होतं. तो म्हणाला, "तुमी कोण?"

"मी तिचा बाप."

"बाप तर मी हावो."

दोघा बापांची जुंपली. मध्ये माहनूर टोपी घट्ट धरून सांगत होती की मी पोरगा हाये, माहा बाप बुडाला. सईदाभाभी ओढणीत तोंड घालून हसत होत्या. वामनराव झेंड्याच्या खांबाला धरून हसत होते. त्या वर्षात मी इतकी माणसं एकत्र हसताना पाहिली नव्हती. अंक पुरा झालाच नाही, पडदा पाडावा लागला.

वार्षिक परीक्षेत मी मुद्दाम प्रश्न घातला: नाटकात व्यापाऱ्याला आपली मुलगी कशी ओळखू येते? सगळ्या वर्गानं, शुद्ध इंग्रजीत, एकच उत्तर लिहिलं: पहिल्या रांगेतले रहमतचाचा उठून सांगतात. मी सगळ्यांना पूर्ण गुण दिले. द्यावेच लागले, कारण टायरवर बसण्याच्या नादात पुढचे तीन अंक वर्गात शिकवायचे राहूनच गेले होते.