वाकळे सरांची बशी

वाकळे सरांच्या घरी चहा हवा असेल तर आधी बोट द्यावं लागे. पाहुणा टेकला की सर झाकणाची काचेची बशी पुढे करत. "टेकवा. धुऊ नका. धुतलेलं बोट काय कामाचं?"

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत, मी वृत्तपत्राचा वार्ताहर होतो आणि आमच्या दोन घरांत भिंत एकच होती.

बशीतली जेली घरचीच. मटणाच्या सुपात चायना ग्रास विरघळवून सर ती कुकरमध्ये उकळत. वास गल्लीभर सुटे. शेजारी आशेनं येत आणि बोट देऊन परत जात. "वरणाला कुकर मिळत न्हाई, जंतूला मिळतो," असं वाकळे वहिनी म्हणत.

पाहुण्याच्या बोटावरचे जंतू जेलीवर पसरायचे. टीपकागदाच्या टिकल्या झाडपाल्याच्या रसात बुडवून त्यावर ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी बशीवर जंतूंची साय धरे. औषधात दम असेल तर टिकलीभोवती स्वच्छ रिंगण राही. नसेल तर साय थेट टिकलीला भिडे.

कुणीही औषधी पाला सांगितला की सरांचं उत्तर ठरलेलं: "बशीला इचारू."

वारंगा फाट्यावरच्या जडीबुटीवाल्याची मुळी नापास झाली, तेव्हा सर बशी घेऊन एस.टी.नं त्याच्याकडे गेले. "बघा, तुमच्या मुळीवर जंतू बाळसं धरून राहिले."

तो शांतपणे म्हणाला, "सर, मुळी माणसासाठी हाय. बशीला काय दुखून राहिलं?"

बशीचा निकाल सरांनी कुणासाठी बदलला नाही. प्राचार्यांच्या सासऱ्यांचा काढाही नापास केला होता.

मग हट्टा गावाहून त्यांची माय आली. सोबत फडक्यात बांधावरचा पाला. लहानपणी सरांच्या पायात बाभळीचा काटा मोडला, पाय सुजला, तेव्हा मायनं तो पाला रोज बांधला होता. "त्याच्यानंच तू चालून राहिला," ती म्हणाली. "साऱ्या दुनियेचा पाला पाहतोस. माझा काहून न्हाई?"

सरांनी पाला वाटला. नापास. उकळला. नापास. स्पिरिटमध्ये भिजवला, तरी रिंगण नाही.

"अरे, तो चावून बांधतेत," माय म्हणाली आणि तिनं तोंडातला पालाच पुढे केला. दुसऱ्या दिवशी त्या बशीत जंतूंचं रान माजलं होतं.

मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. माय रोज सकाळी विचारी, "पास झाला का?" सर म्हणत, "अजून उगवून राहिलं, माय." इतरांच्या नापास बशा ते गल्लीभर मिरवत. ही त्यांनी कपाटामागे ठेवली होती.

माय परत निघाली त्या सकाळी मी तिथेच होतो. तिनं पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "जाताना तरी सांग रे."

सरांनी टेबलावरची एक बशी घेऊन झाकण काढलं. टिकलीभोवती रुपयाएवढं रिंगण होतं. काचेवर त्यांच्याच अक्षरात 'लसूण' लिहिलेलं. मायला वाचता येत नव्हतं.

"हा तुझा," सर म्हणाले. "पयला नंबर."

माय बशीवर वाकली. बराच वेळ पाहत राहिली. "बराबर हाय," म्हणाली.

सर रिक्षा आणायला गेले. माय ओट्यावर चपला घालत होती. माझ्याकडे न पाहताच तिनं सांगितलं, "पन्नास वर्सं लसूण सोलला मी. वास कळत न्हाई व्हय मला?"

मी तिची पिशवी उचलून दिली.

"त्याला सांगू नका," ती म्हणाली. "त्याला वाटून राहिलं, मला कळलं न्हाई. वाटू द्या लेकराला."