मैल्या टाकीची अट

अच्युतराव कारखानीस यांच्या कॅरॅव्हॅनमधल्या मैल्या पाण्याच्या टाकीने कोयरी घाटाच्या पायथ्याशी रिकामं व्हायला नकार दिला, आणि तसा नकार देण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. घाट चढण्याआधी गाडी वजनकाट्यावर घ्यायची आणि टाक्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, ही तिथली जुनी रीत. टाक्या सहसा बोलत नाहीत. ही बोलली.

कॅरॅव्हॅन म्हणजे जीपच्या मागे हुकाला अडकवून ओढायचं चाकांवरचं घर. त्यात स्वयंपाकाचा ओटा, झोपायला बाक, एक संडास आणि पोटाशी दोन टाक्या. एक चांगल्या पाण्याची, एक मैल्याची. अच्युतरावांच्या दोन्ही टाक्या काठोकाठ भरलेल्या होत्या. चांगली भरलेली होती, कारण बाहेरगावचं पाणी त्यांच्या घशाला मानवत नसे. मैली भरलेली होती, कारण तिची झडप खाली चाकांजवळ होती. वाकावं लागे, पाइप जोडावा लागे, दांडी हाताने फिरवावी लागे. कारखानिसांच्या घरात असलं काम कुणी कधी केलं नव्हतं. घरी त्यासाठी माणूस येई. तो कोण, कुठला, त्याचं नाव काय, हे विचारण्याची वेळ तीन पिढ्यांत कुणावर आली नव्हती.

वाटेत जिथे जिथे मुक्काम पडला तिथे अच्युतरावांनी काच अर्धी खाली करून विचारलं होतं, ‘‘तुमच्याकडे माणूस असेल ना?’’ प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच. जागा आहे, पाइप आहे, ज्याचं त्याने करायचं. एवढं ऐकलं की अच्युतराव काच वर करत आणि मुलाला म्हणत, ‘‘शार्दूल, चल पुढे.’’ असं दोन-तीनदा झाल्यावर त्यांना एक सिद्धांत सुचला. भरल्या टाक्यांनी गाडी जमिनीला धरून राहते, हेलकावे घेत नाही, म्हणून शहाण्याने टाक्या भरूनच प्रवास करावा. किळस आली असं म्हणायला जीभ रेटत नसली की माणसाला असं शास्त्र सुचतं. सुचल्यावर मात्र ते त्यांना स्वतःलाच इतकं पटलं, की त्यांनी त्यावर भाषणच तयार केलं.

कारण घाटाच्या वर, मोरपठारावर, कॅरॅव्हॅनधारक संघाचं अधिवेशन होतं आणि त्या संध्याकाळी अच्युतराव संघाचे अध्यक्ष व्हायचे होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी साहेब म्हटलं नव्हतं. शिपाई नाही, घंटी नाही, खोलीत शिरल्यावर कुणी उठून उभं राहत नाही. हे अध्यक्षपद मिळालं नाही तर आपण नुसतेच एक म्हातारे गृहस्थ, ही धास्ती त्यांच्या मनात घर करून होती. म्हणून सबंध रस्ताभर ते भाषणाचा सराव करत होते, तोही संडासाचं दार लावून, कारण आवाज तिथे छान घुमे.

काट्यावरच्या पांगारे साहेबांनी आकडा पाहिला आणि मान हलवली.

‘‘वजन जास्त हाय साहेब. घाटात हुक तुटला तर घर तुमचं दरीत जाईल. एक टाकी सोडा.’’

‘‘भरल्या टाक्यांनी गाडी स्थिर राहते,’’ अच्युतराव म्हणाले. ‘‘हे शास्त्र आहे.’’

‘‘सपाटीला असंल. हितं चढ हाय. मैली सोडा की, नाहीतरी तिला वर नेऊन काय लोणचं घालायचंय?’’

रीतीप्रमाणे पांगारे मग खाली वाकले आणि मैल्या टाकीला तिचं म्हणणं विचारलं. टाकीचा आवाज जड होता, पण बोलणं अदबशीर होतं.

‘‘माझी हरकत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘अट एवढीच, की झडप अच्युतरावांनी स्वतःच्या हाताने उघडावी.’’

अच्युतरावांच्या पत्नी कुमुदताई लगेच पदर खोचून जीपमधून खाली उतरल्या. ‘‘मी उघडते. त्यात काय एवढं?’’

‘‘वहिनी, तुम्ही नको,’’ टाकी म्हणाली. ‘‘तुम्ही या घरात पुष्कळ उपसलंय.’’

कुमुदताई तिथेच थांबल्या. इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी खोचलेला पदर सोडला आणि परत जीपमध्ये जाऊन बसल्या.

‘‘मी उघडू का?’’ शार्दूलने विचारलं. तो विचारण्यापुरताच विचारत होता, हे टाकीलाही कळलं.

चांगल्या टाकीला विचारलं. ती म्हणाली, आपण कशातच नाही, जे ठरेल ते ठरेल. चांगल्या टाक्यांचं हे असंच असतं. तिला तिथेच रिकामं केलं. घरचं पाणी रस्त्याकडेच्या गवतात गेलं आणि अच्युतरावांनी तोंड फिरवलं. काटा पुन्हा पाहिला. अजूनही वजन जास्तच होतं, पण थोडंच. साधारण एका माणसाचं.

पांगाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. ‘‘आता साहेब, उघडता का उतरता?’’

अच्युतरावांनी झडपेकडे पाहिलं. काळी दांडी, हातभर लांब, धूळ बसलेली. वाकायचं, धरायची, फिरवायची, हात धुवायचे आणि वर जाऊन अध्यक्ष व्हायचं. साबण कुमुदताईंनी खिडकीतून पुढे केलेलाही होता. वर कुणाला कळलंसुद्धा नसतं. पण आपल्याला कळेल, असं त्यांना वाटलं, आणि त्या वाटण्याचा त्यांना भयंकर अभिमान वाटला. माणूस वाया गेलेला असला तरी किती ताठ उभा राहू शकतो, ते त्या वेळी पाहण्यासारखं होतं.

‘‘मी उतरतो,’’ ते म्हणाले. ‘‘शार्दूल, तू पुढे हो आणि अध्यक्षांसाठी खाली गाडी पाठवायला सांग.’’

‘‘अहो, आणि भाषणाचं काय?’’ कुमुदताईंनी विचारलं.

‘‘गाडी येईपर्यंत थांबवून ठेवा म्हणावं.’’

कॅरॅव्हॅन घाटात शिरली. मैली टाकी भरलेली असल्याने ती पहिल्या वळणावर मुळीच हेलकावली नाही. अच्युतरावांनी ते पांगाऱ्यांना मुद्दाम दाखवलं.

खाली गाडी आली नाही. संध्याकाळी शार्दूलचा फोन आला. तो म्हणाला, बाबा, लोक खोळंबले होते, म्हणून टाकीनेच भाषण केलं.

‘‘कुणाचं भाषण?’’

‘‘तुमचंच. तिला पाठ होतं. तुम्ही तिच्या डोक्यावर बसूनच म्हणत होता ना.’’

भाषण लोकांनी डोक्यावर घेतलं. तुम्ही केलं असतंत तर ते मत झालं असतं, शार्दूल म्हणाला, पण टाकीने केल्यावर तो अनुभव झाला. शिवाय पठारावर जमलेल्या प्रत्येक सभासदाची टाकी भरलेली होती आणि प्रत्येकाने तिथे पोचल्यावर माणूस असेल ना, अशी चौकशी केलेली होती. तेव्हा टाक्या रिकाम्या न करणं हाच संघाचा मार्ग, असं कुणीतरी अधिकारवाणीने सांगताच सगळ्यांच्या जिवात जीव आला. टाकी एकमताने अध्यक्ष झाली. कार्यकाळ संपेपर्यंत अध्यक्षांना रिकामं करू नये, असाही ठराव टाळ्यांच्या गजरात झाला.

‘‘आईचं काय म्हणणं?’’ अच्युतरावांनी विचारलं.

‘‘आई पहिल्या रांगेत होती. खूप हसत होती.’’

अच्युतरावांनी ती रात्र काट्याच्या कचेरीतल्या बाकावर काढली. त्यांना राग आला, रडूही आलं. मग त्यांनी विचार केला, की संघाचे अध्यक्ष अखेर आपल्याच कॅरॅव्हॅनचे आहेत. भाषणही आपलंच आहे. म्हणजे मान घराबाहेर गेलेला नाही. सकाळी उठून त्यांनी पांगाऱ्यांकडून आरसा मागून घेतला, भांग पाडला आणि नाक्यावरून झेंडूचा हार आणवला.

कॅरॅव्हॅन घाट उतरून काट्यावर थांबली तेव्हा मागोमाग आणखी दोन-तीन सभासदांच्या गाड्या होत्या. मंडळी खाली उतरली. टाकी गाडीच्या पोटाशी असल्याने सत्कार करणाऱ्याला गुडघे टेकून जवळजवळ आडवं व्हावं लागणार होतं. अच्युतराव झाले. इस्त्रीच्या पँटला चिखल लागला, त्याकडे त्यांनी पाहिलं नाही. हार अडकवायला टाकीवर एकच जागा होती. त्यांनी दोन्ही हातांनी काळी दांडी नीट धरली, धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली आणि तिच्यावर हार चढवला.

‘‘अभिनंदन, अध्यक्ष,’’ ते म्हणाले.

‘‘आभारी आहे,’’ टाकी म्हणाली. ‘‘आता हात तिथे आहेतच, अच्युतराव, तर...’’

‘‘छे, छे! ठराव झालाय,’’ अच्युतराव म्हणाले, आणि फोटो निघेपर्यंत त्यांनी दांडी तशीच घट्ट धरून ठेवली.