न दचकणारा पाय

चाकणच्या त्या फोर्जिंग कंपनीत मालोजी साबळेएवढा थंड डोक्याचा क्रेन ऑपरेटर आजवर झाला नव्हता. हे कोण म्हणायचं? स्वतः मालोजी!

"माज्या अंगात नसा न्हाईत," डबा खाताना तो गंभीरपणे सांगायचा, "वायररोप हायत!"

बढाई होती, पण निव्वळ हवा नव्हती. शेडच्या छताखाली रुळांवरून फिरणाऱ्या केबिनमध्ये बसून तो लोखंडाचा अवजड साचा इतका अलगद खाली ठेवायचा की शेजारी उभ्या असलेल्याला मागे वळल्यावरच तो दिसायचा. परळीकडच्या गावातून आलेल्या मालोजीला या शहराने पुष्कळ काही शिकवलं, पण ताठ मानेनं जगायला शिकवलं त्या केबिननं. खाली तो कुणाचा तरी भाडेकरू, कुणाचा तरी जावई होता. वर गेला की सगळी शेड त्याच्या हाताकडे बघून थांबायची.

यंदा वार्षिक तपासणीला नवे डॉक्टर येणार होते. ही बातमी कंपनीच्या बसमध्ये आणली ज्योतीरामने. ज्योतीराम मूळचा तळवड्याचा, मेंटेनन्सला कामाला, आणि मूळव्याधीपासून उपग्रहापर्यंत कशावरही ठाम मत असलेला माणूस.

"मालोजीराव, ऐकलं का? हे डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारत्यात!"

"हातोडी? कशापायी?"

"रबराची असती. रिफ्लेक्स बघत्यात. रिफ्लेक्स म्हंजे दचकणं! कच्च्या काळजाचा मानूस असला, की हातोडी लागल्याबरोबर त्याचा पाय टणकन वर. आता तूच सांग भावा, दचकणाऱ्याच्या हातात कंपनी क्रेन ठेवंल व्हय?"

बसमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. दहावीला हा धडा सगळ्यांनाच होता. पण दहावी होऊन किती वर्षं झाली, हेही तिथे कुणाला धड आठवत नव्हतं.

मोशीतल्या दोन खोल्यांत त्याच संध्याकाळी सराव सुरू झाला. मालोजी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसला आणि त्याने बायकोच्या, दीपमालाच्या हातात लाटणं दिलं.

"मार."

"अहो, कणीक मळून ठेवलीय मी!"

"चपात्या मागून कर. आधी गुडघ्यावर मार. जोरात!"

लग्न झाल्यापासून नवऱ्याने असं काही मागितलं नव्हतं. दीपमालाने पदर खोचला आणि हाणलं! मालोजीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण पाय हलला नाही. तो रोज दात आवळून, मांडी दगडासारखी करून बसायचा आणि ती रोज मारायची. गुडघा वांग्यासारखा झाला, पण पाय मात्र जागच्या जागी! "बघ," तो विव्हळत म्हणायचा, "ह्याला म्हंत्यात कंट्रोल!"

तपासणीच्या दिवशी मालोजी सगळ्यांत पुढे होता. डॉक्टर निरंजन वयाने तरुण, पण चेहऱ्याने कायम उद्या परीक्षा असल्यासारखे. त्यांनी गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय ढिम्म.

"सैल सोडा."

"सैलच हाय साहेब!"

पुन्हा मारली. दुसऱ्या पायावर मारली. दोन्ही पाय ढिम्म! डॉक्टरांच्या भुवया वर चढल्या, तसतसा मालोजी आतून फुलत गेला. असा पठ्ठ्या साहेबांनी पाहिलाच नसणार!

"पायांना मुंग्या येतात का? चालताना तोल जातो?"

"छे छे!"

"घरात कुणाला पॅरालिसिस?"

"वडलांना," तो म्हणाला. "लकवा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मालोजी, हा पाय उडायलाच हवा होता. नसांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तुम्ही क्रेनवर चढायचं नाही."

मालोजीला स्टोअरमध्ये हातमोजे वाटायला बसवलं. बातमी शेडभर पसरली. डबा खायच्या वेळेपर्यंत "मालोजीचा पाय उडाला नाही" याचं "मालोजीच्या नसा गेल्या" झालं, आणि शिफ्ट सुटेपर्यंत "आता काही खरं नाही"! कुणी खेकड्याच्या तेलाची बाटली आणून दिली. कुणी त्याला बसमध्ये खिडकीची जागा दिली. त्याच्या जिवाला तेच जास्त लागलं. ज्योतीराम तर समोर यायलाच तयार नव्हता. शेवटी पार्किंगमध्ये सापडला.

"आरं मला काय ठावं, उडाया पायजेल असतो त्ये! आमी ऐकलं, त्ये तुला सांगितलं."

खरं तर एकच वाक्य पुरेसं होतं: साहेब, मी पाय धरून ठेवला होता. पण तपासणीत फसवलं म्हणून क्रेन कायमची गेली तर? मालोजीने आधी घरी खात्री करायचं ठरवलं. दीपमाला दळण आणायला गेली होती. पलंगाच्या कडेला बसून, पाय पूर्ण सैल सोडून, त्याने स्वतःच लाटण्याने मारलं.

पाय हलला नाही.

पुन्हा मारलं. नाही. मांडी सैल आहे का ताठ, हेच त्याला आता कळेना. आणि तिथे पहिल्यांदा मालोजी घाबरला. खराखुरा घाबरला. वडिलांचं असंच सुरू झालं होतं. चालता चालता त्यांच्या पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. सगळे हसायचे. मालोजीही हसला होता. पुढे तोच पाय असा गेला की त्यांना उचलून अंगणात बसवावं लागायचं. आता मालोजी दर दहा पावलांनी खाली बघायचा, चप्पल आहे का म्हणून. दीपमाला विचारायची, "काय हरवलंय?" तो म्हणायचा, "काय न्हाई."

चिंचवडला नसांच्या डॉक्टर अनुया यांच्याकडे दोघं गेली. बाई अनुभवी होत्या. पायावरचं लक्ष उडावं म्हणून त्यांनी हाताची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला लावली आणि हातोडी मारली. मालोजीने ओढली; पण डोळे हातोडीवर आणि मांडी दगड! पाय ढिम्म. दीपमालाने पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांनी हातोडी असलेला हात आपल्या मांडीवर ठेवला आणि सहज विचारलं, "वडिलांना काय झालं होतं हो?"

मालोजी सांगायला लागला. चपलेचं सांगितलं. अंगणातल्या बाजेचं सांगितलं. "शेवटी त्येंला लई लाज वाटायची, बाई. म्हणायचे, मालू, तुला माजं ओझं झालं. आन मी..." त्याचा आवाज फाटला. त्याच क्षणी गुडघ्याच्या वाटीखाली टक्‌ झालं.

पाय असा उडाला की समोरचं स्टूल भिंतीवर गेलं!

"उडाला!" दीपमाला किंचाळली. "पाय उडाला! देवा, पाय उडाला!"

बाहेर नंबर लावून बसलेले एक गृहस्थ शांतपणे उठले आणि चपला हातात घेऊन निघून गेले.

मग मालोजीने सगळं कबूल केलं: बस, ज्योतीराम, लाटणं. डॉक्टर अनुयांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. त्यांचे खांदे तेवढे हलत होते. मग त्या म्हणाल्या, "याचा काळजाशी काही संबंध नाही. वाटीखाली जी दोरी असते, तिच्यावर ठोका बसला की निरोप नसेतून मणक्यातल्या मज्जारज्जूत जातो, आणि तिथूनच पायाला परत हुकूम येतो. मेंदूला नंतर कळतं."

"म्हंजे खाली लायनीवरच निर्णय झाला, आन मॅनेजरला मागून मेल गेला?"

"अगदी! पण तुमचा मॅनेजर स्वतः ब्रेक दाबून बसला होता. घरीसुद्धा. आणि ताई, लाटणं वाटीवर मारून पाय उडत नाही. वाटी फुटते."

"मला काय माहीत?" दीपमाला म्हणाली. "ते म्हणाले, मार!"

परत येताना ती रिक्षात सारखी त्याच्या गुडघ्याकडे बघत होती. मोशी आल्यावर म्हणाली, "पाय धरून ठेवला ते जाऊ द्या. पण इतके दिवस एकट्याने भ्यालात? मी काय फक्त मारायला होते?" आणि ती रडायला लागली. क्रेनवरून कित्येक टन वजन अलगद उतरवणाऱ्या मालोजीला तिच्या खांद्यावर हात कसा ठेवावा हे काही सुचलं नाही. शेवटी त्याने तो कसाबसा ठेवला. दोघंही तशीच रिक्षात बसून राहिली, रिक्षावाला खाकरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर अनुयांचं पत्र घेऊन मालोजी कंपनीच्या दवाखान्यात हजर झाला. दाराबाहेर अर्धी शिफ्ट गोळा झाली होती, ज्योतीराम सगळ्यांत मागे. आज पाय उडालाच पाहिजे! आज नाही उडाला, तर क्रेन गेली! मालोजी टेबलावर पाय सोडून बसला आणि त्याने सगळा जीव गुडघ्यात आणला. डॉक्टर निरंजन यांनी पत्र वाचलं, मान हलवली, ते खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर आले आणि त्यांनी खिशात हात घातला.

पाय उडाला! असा उडाला की डॉक्टरांच्या हातातली वस्तू थेट पंख्याला लागून खिडकीतून बाहेर गेली. दाराबाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. मालोजीने विजयी मुद्रेने वर पाहिलं.

डॉक्टर आपलं कोपर चोळत होते.

"मालोजी," ते म्हणाले, "मी सही करायला पेन काढत होतो."