गोळी दुकानात नाही

औषधाच्या खोक्यातला तो घडीचा कागद कुणी वाचतं का? मी वाचला. (बावीस वर्षं कारकुनी केल्यावर बारीक अक्षर दिसलं की हात शिवशिवतात.)

बायकोला बीपीची गोळी चार वर्षं चालू होती. पाळी गेल्यावर अंगाची लाही लाही व्हायला लागली, म्हणून डॉक्टरीणबाईंनी हार्मोनची गोळीही दिली. त्या गोळीच्या कागदावर लिहिलं होतं, ‘उच्च रक्तदाब असल्यास डॉक्टरांना सांगावे.’ मी ‘रक्तदाब’पर्यंत वाचलं आणि नवरेपणाचा शिक्का मारून गोळी बंद केली. फक्त तिला तसं सांगायची छाती नव्हती.

“अगं, दुकानात गोळी नाही. वरूनच येत नाहीये.”

चौथ्या दिवसापासून घरात वणवा! पंखा पाचवर, खिडक्या सताड उघड्या, मी मफलर गुंडाळून कोपऱ्यात. मीठ जास्त म्हटलं तर वाटी आपटली, कमी म्हटलं तर ताट. दहाव्या दिवशी घरच्या मशीनवर तिचं बीपी एकशे साठ.

“बघ! त्या हार्मोननेच!” मी विजयाने ओरडलो.

“ती गोळी दहा दिवस पोटात नाही. मग कशाने?”

तिने चपला घातल्या आणि तडक औषधाचं दुकान गाठलं. मागून धापा टाकत मी.

“ती गोळी येणार कधी?”

“येणार? आहे की, ढीगभर,” दुकानदार म्हणाला. “साहेबच म्हणाले, बंद केलीय.”

ती किंचाळली असती तर परवडलं असतं. “घाम मला फुटतो, झोप माझी उडते,” ती हळू म्हणाली, “आणि ठरवलं तुम्ही? वर खोटं बोललात! दहा दिवस मला वाटत होतं, माझंच डोकं फिरलंय.”

(मी पाकिटातून गोळीचे पैसे काढले. तिने मला तिथूनच डॉक्टरीणबाईंकडे ओढलं.)

दवाखान्यात डॉक्टरीणबाई माझ्यावरच कडाडल्या. “दोन्ही गोळ्या मी विचार करून दिल्यात. बीपी आटोक्यात होतं, दर तीन महिन्यांनी तपासतेय; आता झोप उडाली म्हणून चढलं. शंका होती तर मला विचारायचं! तुम्ही कुठले तज्ज्ञ?”

“आवक-जावक विभाग,” मी पुटपुटलो.

माझा उतरलेला चेहरा पाहून नर्सने माझ्याही दंडाला पट्टा बांधला. म्हटलं, आकडा चढलेला निघाला तर जरा तरी सहानुभूती मिळेल.

“एकशे वीस, ऐंशी. अगदी छान!”

“असणारच,” बायको फणकारली. “डासाला कधी मलेरिया झालेला ऐकलाय?”