पासपोर्टचा होमस्टे

ईश्वरी रविवारी स्पेनला सुखरूप पोचली, कार्मेनबाईंनी दारातच तिच्या दोन्ही गालांचे पापे घेतले आणि सगळं व्यवस्थित झालं. हे वाक्य आपण वाचलेलं नाही. आत्ता गुरुवार आहे, जपानमध्ये तोयोसूतल्या एका उंच इमारतीतला फ्लॅट आहे, आणि ईश्वरीची आई ज्योत्स्ना मोबाइलवर पंचांग बघून ओरडते आहे.

"शनिवारी अमावास्या आहे!"

"विमानाला माहीत नाहीये ते," गुणवंत, म्हणजे ईश्वरीचे बाबा, लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

ईश्वरी एका सेमिस्टरसाठी ग्रानादाला स्पॅनिश शिकायला निघाली होती आणि राहणार होती कार्मेन नावाच्या अनोळखी बाईंच्या घरी. कार्मेनबाई रात्रीचं जेवण इतक्या उशिरा का जेवतात, फोटोतला त्यांचा कुत्रा जपानी हाकेला वळून बघेल का, असे अनेक प्रश्न तिला पडले होते. आईला एकच पडला होता: परक्याच्या घरी पोरीला कोण जपणार?

"माझा काही विश्वास नाही," ज्योत्स्ना म्हणाली, "पण उगाच रिस्क कशाला? आज मुहूर्त चांगलाय. प्रस्थान ठेवू."

"म्हणजे काय?" ईश्वरीने विचारलं.

"निघायचा दिवस बरा नसेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण निघालोच. जाताना ती उचलायची."

"मग झालं की," गुणवंत म्हणाला. "तिची बॅग मी सकाळीच कन्विनीतून, त्या चोवीस तास उघड्या दुकानातून, कुरियरने एअरपोर्टला पाठवली. इथे सगळेच पाठवतात. अख्खा देश प्रस्थान ठेवतो."

"कुरियरचं गोडाऊन म्हणजे कुणाचं घर नाही, गुणवंत."

शेवटी पासपोर्ट, सुपारी आणि हळद लावलेले तांदूळ एका स्वच्छ रुमालात बांधून ज्योत्स्नाने शेजारच्या ओगावा-सान आजींच्या हातात दिले. तिचं जपानी 'ओनेगाइ शिमास'ला सुरू होऊन तिथेच संपायचं. त्यामुळे 'कृपया' व्यवस्थित पोचलं. काय कृपया, ते राहिलं.

शुक्रवारी दुपारी दाराच्या मुठीला बिस्किटांचा देखणा डबा लटकत होता.

"किती गोड बाई!" ज्योत्स्ना म्हणाली.

ईश्वरीचा चेहरा उतरला. "याबाइ! घोटाळा झाला! आई, हे रिटर्न गिफ्ट आहे. त्यांना वाटलं तू भेट दिलीस."

"पासपोर्ट कुणी भेट देतं का?"

"डबा अडकवेपर्यंत त्यांनी रुमाल उघडलाच नसेल!"

तसंच झालं होतं. ईश्वरीने शेजारची बेल वाजवताच ओगावा-साननी दारातच कमरेत वाकून सगळं सांगितलं. रुमाल उघडल्यावर त्यांच्यापुढे मोठा पेच पडला. भेट परत करणं हा अपमान, दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवून घेणं हा गुन्हा. दोन्ही टाळून त्यांनी तो कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत जमा केला. सुपारी कुठल्या कचऱ्यात टाकायची ते कळेना, म्हणून तीही.

"सापडलेल्या वस्तू संध्याकाळी मोठ्या पोलीस स्टेशनात जातात," ईश्वरी चपला शोधत म्हणाली. "तिथलं काउंटर शनिवार-रविवार बंद असतं!"

"आणि विमान शनिवारी," गुणवंतने पहिल्यांदाच लॅपटॉप मिटला.

तिघं धावत चौकीत पोचले, तेव्हा एक तरुण पोलीस चिमट्याने तांदळाचे दाणे उचलून पिशवीत भरत होता. एक दाणा टेबलाखाली गेला होता. त्याबद्दल त्याने आधीच माफी मागितली.

"मालकाचं ओळखपत्र?" त्याने विचारलं.

"पासपोर्ट चालेल?" ईश्वरी सवयीने म्हणाली.

"चालेल."

मग दोघंही बराच वेळ टेबलावरच्या पासपोर्टकडे बघत राहिले. शेवटी गुणवंतने लेकीच्या पर्समधून तिचं रेसिडेन्स कार्ड शोधून काढलं आणि काम भागलं. पण पोलिसाला राहवेना. त्याने सुपारी उजेडात धरून बघितली, वास घेतला, हलवून कानाला लावली.

"ही स्पेनला कशासाठी जाते?" त्याने पासपोर्टातल्या व्हिसावर बोट ठेवून विचारलं.

"ती जात नाही," ईश्वरी म्हणाली. "ती फक्त निघते."

पोलिसाने गंभीरपणे मान डोलावली आणि पासपोर्ट तिच्यापुढे धरला. तेवढ्यात ज्योत्स्नाने तिचा हात पकडला.

"थांब! घरी नाही न्यायचं. प्रस्थान परत उंबऱ्यात आलं की प्रवास संपला."

"मग काय रस्त्यावर ठेवू?" गुणवंत म्हणाला.

ज्योत्स्नाने चौकीभर नजर फिरवली. जागा परकी. रेल्वे स्टेशनच्या वाटेवर. रात्रभर माणूस जागा, आणि माणूस तांदळाच्या एका दाण्यासाठीही माफी मागणारा. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या कपाळावरची आठी गेली.

"परके लोकपण नीट जपतात की रे," ती हळूच म्हणाली. "इथेच राहू दे."

"आई, ही पोलीस चौकी आहे!"

"कार्मेनबाईंकडे तरी कुठे पहारा आहे? सांग त्याला. नीट, ऑफिशियल भाषेत सांग."

ईश्वरीने एक मोठा श्वास घेतला आणि आई सांगत गेली तसं अत्यंत आदरार्थी जपानीत भाषांतर केलं. पोलिसाने ते उभं राहून ऐकलं:

"सदर पासपोर्ट, सुपारी व अक्षता यांना उद्या सकाळपर्यंत आपल्या चौकीत पाहुणे म्हणून ठेवून घ्यावे, त्यांना भुईवर ठेवू नये, आणि उद्या मुलगी निघतेवेळी ड्यूटीवर असतील त्या साहेबांनी तिच्या उजव्या तळहातावर चमचाभर दही घालावे, ही नम्र विनंती."